नव्वदच्या खाली

अ‍ॅम्प लावायचे सगळ्यात शेवटी,
बंद करायचे सगळ्यात आधी.
पास्कूने हे सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांचा,
वायरी गुंडाळायच्या कामावर, एका जत्रेला दोन भजीपाव.
आता टेम्पो माझा, रॅक माझा, कर्ज सोसायटीचं,
आणि तो निवतीच्या या मांडवात
प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून.

दुपारचे चार. माडांपलीकडे होड्या ओढताहेत.
तीन अ‍ॅम्प एकावर एक,
सगळ्यांच्या डोक्यावर क्रॉसओव्हर,
बोटभर उंचीची काळी पट्टी, तिला हिरवे डोळे.
सगळे नॉब शून्यावर.
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळशा पाणी ओतलं,
तेव्हा कुठे घरघर थांबली.

नव्वदच्या खालचं सगळं अठरा इंचींना:
मृदंगाची कणीक लावलेली बाजू,
राक्षस फळीवर पाय आपटतो तो.
तिथून सोळाशेपर्यंत मधल्या पेट्यांना,
म्हणजे हार्मोनियम आणि जवळजवळ सगळं भांडण.
वरचं हॉर्नला. झांज. श आणि स.
राणीच्या बांगड्या.

आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा
विहिरीच्या मधोमध सुतळी धरली होती.
रहाट एका काकाला गेला, पायऱ्या दुसऱ्याला,
पाणी उन्हाळ्यात कुणालाच नाही.
या पट्टीतली वाटणी तशी नाही.
नव्वदवर गडगा घातलेला नसतो, उतार असतो,
दर सप्तकाला चोवीस डेसिबलचा.
शंभरवरही खालचा थोडं बोलतो,
ऐंशीवर मधलाही गप्प नसतो,
हद्दीपाशी दोघंही आवाज उतरवतात
आणि तिथेच दोघं मिळून पुरे पडतात.
मी हे काकांना कधी समजावलं नाही.
समजावणार तरी कसं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन?

एकेक अ‍ॅम्प उघडला. खालचा बरा. मधला बरा.
हॉर्न एकटा, थोडा कडक, पण बरा.
मग तिन्ही एकदम,
आणि नामदेव कोचरेकर माईकसमोर आला,
स्त्रीपार्टीचा, अर्धी दाढी केलेला, लुंगीवर,
राणीच्या आवाजात म्हणाला, महाराज, ऐकताय ना?

राणी होती. पण कुणी तिच्या पोटातून
मूठभर काही काढून घेतल्यासारखी.

मी नॉब फिरवला. चौदाशे, अठराशे, परत सोळाशे.
हॉर्न वाढवला तर कान फाटले,
मधला वाढवला तर राणीला पडसं झालं.
पास्कूला चार हजारांच्या वरचं काही ऐकू येत नाही,
तीस वर्षं भोंग्यांखाली झोपला त्याचं भाडं.
त्याने काठी आपटली.
"आवाज खंय गेलो रे? मधीच खड्ड्यात पडता.
दोगांतल्या एकाचा तोंड उलटा आसा."

परवा खाऱ्या हवेने हिरवी पडलेली हॉर्नची पिन
मीच कापून नवी लावली होती,
रात्री, टॉर्च दातांत धरून.
लाल जागी काळी.
दोघं तोच सूर तितक्याच जोराने म्हणत होते,
एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता,
आणि बरोबर हद्दीवर, जिथे दोघं सारखे,
तिथे काहीच उरत नव्हतं.

दोन स्क्रू. दोन वायरींची अदलाबदल.
नामदेवने पुन्हा विचारलं, महाराज, ऐकताय ना?
कठड्यावर बसलेली पोरं हसायची थांबली.
पास्कू काही बोलला नाही,
त्याने खिशातून तपकिरीची डबी काढली.

रात्री दोनला युद्ध चालू असताना बघितलं,
तो खालच्या पेटीला पाठ टेकून झोपला होता.
झांज त्याच्यापर्यंत पोचत नसणार.
मृदंग मणक्यांतून जात होता,
दर थापेला खांदा किंचित हलायचा.

उजाडताना नाटक संपलं.
अ‍ॅम्प आधी, मग क्रॉसओव्हर.
घाईत उलट झालं तर पेट्या धाडकन ओरडतात.
मी तीनही बटणं हळू दाबली, एकेक,
तरी तो जागा झालाच.
"बंद केलंस?" म्हणाला,
आणि पाठीमागे हात नेऊन
पेटी चाचपून पाहिली.